तिच्या नावाने जोडलेले हात

बायको गेली, पण तिचा मोबाईल मी बंद केला नाही. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहतो. तो म्हणाला, "पप्पा, दोन-दोन रिचार्ज कशाला? आईचा नंबर बंद करून टाकू." मी म्हणालो, राहू दे. त्याला वाटलं, म्हातारा आठवण म्हणून ठेवतोय. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्या मोबाईलवर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळाचा ग्रुप होता, आणि तो मी चोरून ऐकत होतो.

मी चौथी शिकलेला माणूस. धुळ्याकडून सुरतला आलो तो कापड विणायच्या लूमवर काम करायला, आणि म्हातारा होईपर्यंत लूमवरच राहिलो. घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे चार लोकांना कळावं म्हणून सरळ लिहितो, चुकलं तर चुकलं.

देवाचं आणि माझं कधी जमलं नाही. दसऱ्याला आमचा शेठ सगळ्या लूमना झेंडूचे हार घालायचा, पेढे वाटायचा. एका वर्षी ते हार वाळायच्या आत त्याच लूमनं माझ्या बाजूच्या कारागिराची बोटं नेली. शेठ म्हणाला, "पूजेत काहीतरी कमी राहिलं असेल." मी म्हणालो, "पूजेत कशाला, पट्ट्यावर जाळी लावायची राहिली." तेव्हापासून कारखान्यात मी नास्तिक ठरलो. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच अभिमान होता.

मोबाईल आला तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांना सगळं कळेल, बाबा-महाराजांची दुकानं बसतील. झालं उलटं. देवाला टॉवर मिळाला. पूर्वी बाबाकडे जायचं तर एसटी धरावी लागायची, उभं राहून जावं लागायचं. आता बाबा सकाळी सकाळी खिशात घणघणतो. आणि डॉक्टरांची तरी मी आरती करतो असं नाही. बायको सरकारी दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टर मशीनकडे बघायचे, मशीन डॉक्टरांकडे बघायची, आणि ती बिचारी मधे पडलेली. पण औषधाचं एक मला पटतं. तापाची गोळी भक्ताला वेगळी आणि माझ्यासारख्याला वेगळी लागू पडत नाही. ती विचारतच नाही.

बायको माझ्या उलट. रोज दिवा, गुरुवारी भजन, नवरात्रात अनवाणी. तिच्या ग्रुपला मी टाळकुट्यांचा रेडिओ म्हणायचो. तिला लिहिता येत नव्हतं, ती बटण दाबून बोलायची. ती गेल्यावर एका सकाळी चहा झाला आणि घरात इतकं गप्प वाटलं की मी तिचा मोबाईल उघडला आणि वर वर सरकवत गेलो. तिचा आवाज लागला. कोणाला तरी सांगत होती, "आमचा म्हातारा देवाला नावं ठेवतो, म्हणून मी दोन दिवे लावते. एक माझा, एक त्याचा. तेल कुठे जातं ते त्याला कळत नाही." आणि मग हसली. इतकी वर्षं एका खोलीत राहून दोन दिवे मला दिसले नव्हते.

मग रोज सकाळी तेच. चहा प्यायचा आणि तिचं बोलणं ऐकायचं. ग्रुपमधून तिचा नंबर कोणी काढला नव्हता. कोणाची हिंमत झाली नसेल. नावापुढे तिचा देवीच्या गडावर काढलेला फोटो तसाच होता, हिरवी साडी, कपाळभर कुंकू.

इथपर्यंत मला कोणी नावं ठेवली नसती. पण तिचं बोलणं संपलं की खाली आज-कालचं लागायचं, आणि माझं बोट थांबायचं नाही. बायका एकमेकींशी मोकळ्या बोलतात. कोणाचा नवरा पिऊन काय करतो, कोणाची सून काय म्हणाली, कोणाच्या अंगावरून किती जातं आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाली. पुरुषानं ऐकायचं ते बोलणं नव्हे. मी मोबाईल कानाला लावून दारात बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, मुलाशी बोलतोय. त्याच बायका समोरून हंडा घेऊन जायच्या, "नाना, चहा झाला का?" विचारायच्या, आणि मी मान हलवायचो. माझ्याबद्दलही ऐकलं. एक म्हणाली, "अक्का गेली पण म्हाताऱ्याचा तोरा गेला नाही." दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं. संध्याकाळी उंबऱ्यात बसतो ना, बघवत नाही." तोऱ्याचं मला काही वाटलं नाही. दुसरीचं ऐकून मी दोन दिवस उंबऱ्यात बसलो नाही.

आमच्या गॅलरीतल्या शेवटच्या खोलीत एक बाई राहते. माझ्या बायकोला अक्का म्हणायची, मला नाना. दोघी घरी साड्या आणून टिकल्या चिकटवायचं काम करायच्या. तिला साखरेचा आजार आहे, रोज पोटात इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. ग्रुपवर एका बाबाचं फिरायला लागलं. नाव नाही घेत. तो दर गुरुवारी मोबाईलवर थेट येतो आणि सांगतो, तांब्यात पाणी भरून मोबाईलसमोर ठेवा, मी इथून मंत्र फुंकतो. ते पाणी प्या, साखर जाते, गाठ जाते, सगळं जातं. आमच्या या नवागामात कुठल्याही खोलीत रेंज नीट येत नाही. मधेच गोल गोल फिरायला लागलं तर अर्धा मंत्र टॉवरवर अडकून राहतो का? हे मी मनात विचारायचो आणि एकटाच हसायचो.

मग एके दिवशी त्या बाईचा आवाज आला. "उद्यापासून मी सुई सोडते आहे. पाणी प्यायला लागल्यापासून हलकं वाटतं. कोणाला बरोबर वाटत असेल तर सांगा गं. अक्का असती तर तिला विचारलं असतं."

त्यावर कोणी काही बोललं नाही. मला राग आला. बाबाचा, तिचा, गप्प बसलेल्या बायकांचा. आता एक सांगायला पाहिजे. मागे कधी शहरात गडबड झाली तेव्हा सरकारनं नेट बंद केलं होतं. चहाच्या लारीवर मी तेव्हा मोठ्यानं बोललो होतो, "लोकांचं तोंड दाबणारे तुम्ही कोण? बरं बोलो, वाईट बोलो, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या!" लोकांनी माना हलवल्या होत्या. तोच मी आता म्हणत होतो, हे बोलणं पुसूनच टाकतो. सगळ्यांच्या मोबाईलवरून. चुकून गेलेला एक फोटो मुलानं तसा पुसलेला मी पाहिला होता, बोट दाबून धरायचं, एवढं लक्षात होतं. मी तिच्या बोलण्यावर बोट दाबून धरलं. वर चित्रांची ओळ उघडली. अंगठा, बदाम, हसरं तोंड, रडकं तोंड, जोडलेले हात. मी घाबरून बोट सरकवलं आणि एक चित्र निघून तिच्या बोलण्याला जाऊन चिकटलं. जोडलेले हात. ते पुसायचं कसं ते मला येत नव्हतं.

थोड्या वेळानं त्या बाईचाच आवाज आला, रडत. "अगं बघा, अक्कानं हात जोडले! माझी अक्का आली!"

आधी मी हसलो. हे लपवत नाही. मेलेली बाई मोबाईल चालवते, यावर न हसणारा मी नाही. मग एकामागून एक आवाज यायला लागले. कोणी रडतंय, कोणी जय म्हणतंय, कोणी म्हणतंय अक्का पुण्यवानच होती. मी मोबाईल बंद करून कपाटात टाकला.

दुपारी बायका दारात. नारळ, झेंडू, हळदीकुंकू. "नाना, अक्काचा मोबाईल कुठे असतो?"

मी म्हणालो, "कपाटात. बंद आहे."

"बंदच आहे?"

"बंदच."

एकीनं दुसरीकडे बघितलं. "पाहिलं? बंद मोबाईल!" आणि त्यांनी माझ्या लोखंडी कपाटाला हळदीकुंकू लावलं. नारळ ठेवला. जाताना एक जण म्हणाली, "नाना, आता तरी देवाला मानाल." जन्मभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो मी, "खोबरं घ्या" एवढंच म्हणालो.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण सांगणार काय? मी तुमचं सगळं ऐकतो, तुमच्या अंगावरचं, तुमच्या अंथरुणातलं, असं? त्या बायका माझ्या बायकोला शेवटचं न्हाऊ घालायला आल्या होत्या. आणि दुसरंही होतं. मला वाटत होतं, ग्रुपमधून काढलं की तिचा आवाजही जाईल. त्या आवाजाशिवाय सकाळ कशी काढायची ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो आणि मनाला सांगत राहिलो, सुई सोडेल कुठली, बायका नुसत्या बोलतात.

तिनं खरंच सोडली. तिची सून नळावर भेटली. "नाना, मम्मी दिवसभर झोपून असतात. सारखं पाणी पाणी करतात. पायाला जखम झालीय, ती सुकत नाही. सुई घ्या म्हटलं तर मानत नाहीत. म्हणतात, अक्कानं हात जोडून सांगितलंय. तुम्ही समजावा ना, तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! हंडा तिथेच ठेवला आणि घरी आलो. कपाट उघडलं. हळदीकुंकू बोटाला लागलं. मोबाईल चालू करून खिशात टाकला.

तिच्या खोलीत गेलो तर ती खाटेवर पडलेली, ओठ कोरडे. उशाशी तांब्या झाकून ठेवलेला. मला बघून उठायला लागली.

"नाना, काबरं उनात? आलात तर बसा ना."

मी बसलो नाही. म्हणालो, "ते हात अक्कानं जोडले नाहीत. माझं बोट लागलं."

ती हसली. लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तशी. "नाना, तुमचं माहीत आहे मला. तुम्ही देवाला मानत नाही. आता मेलेल्या बायकोलाही खोटं पाडायला निघालात?"

"खोटं नाही, बाई. मी ऐकत होतो. मला ते पुसायचं होतं."

"अक्का जन्मभर तुमच्यापुढे गप्प बसली. दवाखान्यात डॉक्टरनं तिला विचारलं, कुठे दुखतं, तरी उत्तर तुम्हीच दिलं. आता कुठे ती माझ्याशी बोलली, तर ते पण तुम्हीच बोललात म्हणता?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. मी खिशातून मोबाईल काढला. ग्रुपवर कोणीतरी साड्यांच्या सेलची जाहिरात टाकली होती. मी म्हणालो, "तुमचा मोबाईल बघा." आणि त्या साड्यांवर बोट दाबून धरलं, ओळ उघडली, जोडलेले हात दाबले.

तिनं आपला मोबाईल डोळ्यांजवळ नेला. साडीच्या सेलखाली हात जोडलेले. सुनेनं त्यावर बोट लावलं, तर माझ्या बायकोचा फोटो आला, हिरवी साडी, कपाळभर कुंकू.

ती बाई त्या फोटोकडे बघत राहिली. वादात मी पुष्कळांना गप्प केलंय. ज्योतिष्याला केलंय, कीर्तनकाराला केलंय, गप्प झालेल्या माणसाचं तोंड बघायला मला आवडायचं. त्या दिवशी तिचं तोंड मला बघवेना. मी तिची अक्का दुसऱ्यांदा नेली होती.

मग तिच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

"म्हणजे इतके दिवस आमचं समदं तुम्ही आयकत होतात?"

मी म्हणालो, "हो."

"समदं?"

"हो."

ती सुनेकडे वळली. माझ्याकडे परत बघितलं नाही. "फ्रीजमधून सुई आण." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आणि यांना बाहेर जायला सांग. पोटावरचा कपडा बाजूला करायचा आहे. ऐकलं तेवढं पुरे."

मी बाहेर आलो. मागे सुनेनं दार लावलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. ग्रुपमधून नंबर काढला, तसं मोबाईलवर लिहून आलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. तिचं बोलणं मात्र गेलं नाही, वर सरकवलं की अजून लागतं. पण मी आता ते लावत नाही. ज्यांच्याशी ती बोलत होती त्यांनी मला हाकललंय. मरणानंसुद्धा तिला त्या बायकांतून उठवलं नव्हतं, ते मी केलं.

सुनेकडून कळतं की सुई चालू आहे. गुरुवारी तांब्यासुद्धा चालू आहे, दोन्ही चालू आहे. पूर्वीचा मी असतो तर त्यावर काहीतरी बोललो असतो.

परवा गॅलरीत ती समोरून आली. मी भिंतीला पाठ लावून बाजूला झालो. ती पदर ओढून गेली, बोलली नाही. पायाला पट्टी होती, पण पाय टेकवत होती. मी पायाकडेच बघत राहिलो. वर बघायची माझी छाती नव्हती.