साडूच्या बोटीपेक्षा मोठी

माझ्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. हवा कमी की जास्त, हे तो मीटर लावून बघत नाही. टायरवर बुक्की मारतो, आवाज ऐकतो आणि सांगून मोकळा होतो. शेजाऱ्याने गाडी घेतली, मित्राने घर बांधलं, तरी याला त्याचं काही नसतं. उलट कौतुकाने बघून येतो. पण साडूचं नाव निघालं की याच्या पोटात दुखायला लागतं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा चष्म्याच्या दुकानात बसतो, हळू बोलतो, आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचा शर्ट सकाळी होता तसाच असतो. माझ्या नवऱ्याच्या नखांतलं काळं आमच्या लग्नातसुद्धा निघालं नव्हतं.

या साडूने हवा भरायची बोट घेतली आणि एका सुट्टीला आमच्या मुलीलाही तळ्यावर नेलं. ती परत आली ती काकांचं पुराण घेऊनच. काकांनी वल्हं हातात दिलं, काका किती छान शिकवतात, चुकलं तरी काका ओरडत नाहीत. हे ओरडण्याचं ऐकलं आणि नवरा ताटावरून उठला. मला हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, बहिणीने टोपी घालून बोटीत बसल्याचा आपला फोटो पाठवला होता, तो मीही पुन्हा पुन्हा उघडून बघत होते, आणि दर वेळी नव्याने जळत होते.

पुढच्याच सुट्टीला आम्ही बोट घ्यायला गेलो. मला घडी करून खांद्यावर टाकता येईल अशी हलकी हवी होती, कारण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट कायम बंद असते. नवऱ्याने एकच विचारलं: त्या तांबड्या बोटीपेक्षा मोठी कुठली? तांबडी म्हणजे साडूची. मात्र एकदा मोठी समोर आल्यावर तो कामाला लागला. सगळे जोड अंगठ्याने दाबून पाहिले, कडेची दोरी ओढून पाहिली, हवेचे कप्पे वेगवेगळे आहेत ना, एक गेला तर बाकीचे तग धरतील ना, हे विचारून घेतलं. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट तर तिला दुकानात घालून, उचलून, हलवून पाहिलं. रबर त्याला कळतं, आणि पोरीवर त्याचा जीव आहे. तेवढ्यापुरता मला त्याचा अभिमान वाटला.

दुकानातल्या बाईने निघताना सांगितलं, की फार कडक भरू नका, उन्हात आतली हवा फुगते.

"बाई, हवेचं मला नका सांगू," नवरा म्हणाला.

त्यानंतरच्या सुट्टीला बहिणीलाही बोलावलं आणि तळ्यावर आम्ही साडूच्या आधी पोचलो. आधीच पोचायचं होतं. बोट गाडीतून काढताना माझी कंबर धरली. बोटीबरोबर मिळालेला मीटर पिशवीतच राहिला. याने दुकानातला छोटा कॉम्प्रेसर आणला होता. झाडाच्या सावलीत हवा भरायची, बुक्की मारायची, तोंड वाकडं करायचं, परत भरायची. टायरसारखा आवाज आला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. मग बोट ओढत नेऊन उघड्यावर, वाटेच्या कडेला ठेवली. येणाऱ्याला पहिली तीच दिसावी.

मुलगी जॅकेट घालून तयार होती. "बाबा, चला ना."

"थांब गं. काका-मावशी येऊ देत."

ती दगडावर जाऊन बसली. थोड्या वेळाने परत आली, तेच विचारलं, तेच उत्तर घेऊन गेली. ऊन चढत होतं. नवरा वाटेकडे डोळे लावून बसला होता, आणि मीही माझी नवी टोपी सारखी करत होते.

जोड फाटला तेव्हा असा आवाज झाला की पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहिली. बोटीची एक बाजू सपाट झाली. बाकीचे कप्पे शाबूत होते, म्हणून मी म्हटलं, तरंगेल की तरीही.

"ते परत काठाला येण्यापुरतं असतं," तो म्हणाला. "पोरीला घेऊन आत जायला नाही."

तेवढ्यात बहीण आणि साडू आले. साडू हसला असता तर भांडता तरी आलं असतं. पण त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, छान मोठी आहे म्हणाला आणि आपली तांबडी बोट फुगवायला घेतली. फुगवून झाल्यावर मुलीला जागा आहे म्हणाला. नवऱ्याने त्या बोटीवर बुक्की मारून पाहिली. आवाज मऊ आला. त्याने मुलीच्या जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले आणि जा म्हणून मान हलवली.

एक पाय बोटीत टाकून ती थांबली. "बाबा, मी तर मघाशीच तुमच्या बोटीत बसणार होते." अगदी हळू म्हणाली आणि गेली.

पाण्यावर साडूने तिच्या हातात वल्हं दिलं. बहिणीने हात हलवला, मीही दात आवळून हलवला. नवरा उरलेल्या कप्प्यांची हवा सोडत बसला होता.

"ओरडली पण नाही," तो म्हणाला. "हे पण त्याच्याकडूनच शिकली."