मालिकेतल्या सासूचं ऑपरेशन

आमची बोट तेलाची. तिच्या टाक्यांत मावतं त्याहून जास्त पाणी त्या एका मालिकेपायी आम्ही खलाशांनी डोळ्यांतून काढलं. मालिकेचं नाव सांगत नाही. रत्नागिरीत तिचे चाहते घरटी तीन आहेत, आणि त्यातली सगळ्यात कडक चाहती म्हणजे माझी आई.

बोटीवर मालिका दिसायची सोय नाही. तिथलं नेट असं की घरच्या फोटोतलं नाक आज येतं, कान उद्या. म्हणून बायको रोजचा भाग व्हॉइस मेसेजवर सांगायची. मी तो जेवणाच्या वेळी मोठ्याने लावायचो, परप्रांतीयांसाठी हिंदीत फोडून सांगायचो आणि वर थोडी भर घालायचो. थोडी म्हणजे निम्मी.

मग ताटं वाळेपर्यंत वाद. मालिका मोठी कशाने होते? आमचा कुक दाभोळचा, तो म्हणायचा, बाई वाईट पाहिजे. चांगल्या बाया काय, घरीही असतात. बोसन, म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम, म्हणायचा, संगीत. त्याने त्या मालिकेतली एक शिट्टीसुद्धा ऐकली नव्हती. माझं म्हणणं, खरं वाटलं पाहिजे. पुरावा म्हणून मी सासूच्या आजारपणाचे भाग पुढे करायचो. सासूच्या पोटात गाठ निघाली, तरी ती हॉस्पिटलात जाईना. का, तर गच्चीवर बोंबील वाळत घातलेत, कावळे नेतील. झुंबरांचा बंगला आणि गच्चीवर बोंबील! शेवटी सुनेने तिला रिक्षात कोंबली. मुलगा परदेशात, आणि त्याला कळवायचं नाही म्हणून सासूने सुनेला शपथ घातलेली. त्या दिवशी कुकने डाळीत मीठ घातलंच नाही. म्हणाला, डोळ्यांतलं पुरेल.

"उद्या ऑपरेशन," एवढं सांगून बायकोचे मेसेज थांबले. मी विचारलं, तर दोन ओळी आल्या: मालिका बघायला वेळ मिळत नाही, आल्यावर सांगते. आईशी बोललो, तर तिचा आवाज बसलेला. म्हणाली, थंड पाणी प्यायले. मला आईच्या घशाची काय पडलीय, मला सासूची काळजी. अख्खी बोट तोंड पाडून बसली. उतरताना कुकने माझा हात धरला. "म्हातारी जगली का, तेवढं कळव रे बाबा."

घरी आलो. बॅग ठेवली, चहा घेतला आणि सात वाजता टीव्हीपुढे बसलो. शेजारची काकू आली. ती टीव्हीपुढे रडायला लागली की मिऱ्या बंदरातले मासे घाबरून खोल पाण्यात जातात. मालिका सुरू झाली आणि सासू जिन्यावरून तरातरा खाली आली. अंगावर पाच किलो सोनं, हातात सुनेसाठी विषाची खीर.

मी म्हटलं, एवढ्या ऑपरेशनातून उठून लगेच खीर?

काकूने विचारलं, कसलं ऑपरेशन? मी गाठ सांगितली, बोंबील सांगितले, रिक्षा सांगितली. काकू म्हणाली, ही सासू शिंकलीसुद्धा नाहीये कधी. ती आजारी पडली तर मालिका बघायची कुणासाठी? बोंबील ऐकल्यावर मात्र ती आईकडे बघायला लागली. मला माझीच शंका आली. ऑपरेशन भाषांतर करताना मीच घातलं की काय? पण खोटं बोलताना मला बोंबील सुचत नाहीत. मला वाघ सुचतात. बायकोकडे बघितलं, तर ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे काही शिजत नव्हतं.

आई लसूण सोलत होती. शेवटी मी तिलाच विचारलं. "आये, तू तरी सांग. ती म्हातारी जगली की मेली?"

"जगली," आई म्हणाली. "टाके तेवढे खाजतात."

मी आधी टीव्हीकडे बघितलं. सासू खीर ढवळत होती. मग आईकडे बघितलं. पातळाची गाठ तिने कमरेवर नाही, वर, पार बरगड्यांपाशी मारलेली. आल्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती.

बायको दारात येऊन उभी राहिली. "आईंनी शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. तुम्ही काय, समुद्रात उडी मारली असतीत. पण मला कुणाला तरी सांगायचं होतं. रोज तुम्हालाच सांगायची सवय. मग मालिकेतल्या सासूला गाठ झाली."

आता मी तिच्यावर चिडायचं, की आईच्या पाया पडायचं, की बोटीवर माझाच मुद्दा खरा ठरला म्हणून छाती फुगवायची? तिन्ही करायला गेलो आणि बशीतला लसूण सांडला. फोन काढून कुकला लिहिलं, जगली. त्याचं लगेच उत्तर आलं: मग पुढे काय? मुलाला कळलं का?

तेवढ्यात टीव्हीतल्या सासूने पोट धरलं आणि ती धाडकन पडली. मी चप्पल न घालताच रिक्षा आणायला उठलो.

"बस खाली मेल्या," आई म्हणाली. "तिला काय झालेला नाय."