लेकीला आणायला समुद्राकाठी

पिंपळगावहून निघालो तेव्हा मनात एकच होतं, लेकीला घरी घेऊन यायचं. माझी धाकटी, सुनंदा, गोव्यात विद्यापीठात समुद्राच्या पाण्यावर डॉक्टरकी करते. औषधाची नव्हे, अभ्यासाची. मी स्वतः चौथी शिकलेला. परवा फोनवर ती म्हणाली, "अप्पा, दीड महिना जहाजावर जायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन." नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, म्हणून एसटीत बसलो.

नाशिकला गाडी बदलली, पुण्याला बदलली. आंबोलीच्या घाटात पोटातलं सगळं बाहेर आलं. शेजारच्या बाईनं सुकं कोकम चघळायला दिलं. "खंय वतात?" (कुठे निघालात?) तिनं विचारलं. "लेकीला आणायला," मी ठणकावून सांगितलं.

दुपारी गोव्यात तिच्या खोलीवर पोचलो. सुनंदानं हूमण (नारळ घातलेली माशांची आमटी) आणि भात वाढला. पहिल्या घासाला नाक मुरडलं, मग तीनदा भात मागितला. जहाजाचा विषय दोघांनीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला होडीतून नदीच्या मुखाशी घेऊन गेली. बाटलीत पाणी भरून तिनं पिशवीतून एक नळी काढली. मी लगेच ओळखली. आमच्या बागेत द्राक्षाची साखर बघतो, तेच यंत्र!

"आण इकडं." काचेवर थेंब टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं. रेघ तिसाच्या पुढं.

"बिघडलंय हे. बावीसच्या वर द्राक्षसुद्धा जात नाय."

होडीवाला खो खो हसला.

"अप्पा, हे साखर नाही, मीठ मोजतं."

"मग आधी सांगायचं!"

मी बघत राहिलो. दर बाटलीला काच धुवायची, पुसायची, थेंब, आकडा, वही. एका बाटलीपाशी ती तीनदा अडली.

"झालं की गं. आकडा चांगला आलाय."

"चांगला आहे, पण दर वेळी वेगळा येतोय. पुन्हा घेते."

व्यापारी कितीही घाई करो, बागेच्या चारी कोपऱ्यांतले मणी तपासल्याशिवाय मी कात्री लावू देत नाही. तसंच तिचं. माझ्यासारखी हटून बसली होती.

"जहाजावर बायका किती?"

"आम्ही चौघी."

"अन् पोटात ढवळलं तर?"

"तुमच्या ढवळलं घाटात. तरी आलातच ना?"

"जा मग," मी म्हणालो. तिनं मान वर केली नाही. वहीत पुढचा आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

पिंपळगावला उतरलो तर शेजारचा रंगनाथ स्टँडवरच.

"काय अप्पा, एकटेच? पोरगी नाय आणली?"

"जहाजावर चाललीय."

"अन् तुम्ही जाऊ दिलं?"

"मीच धाडलं."

हे थोडं वाढवून सांगितलं, कबूल. पण एवढ्या शिकलेल्या लेकीनं चौथी शिकलेल्या बापाचा होकार मागितला, एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही. तरी हा दीड महिना मी रोज मावळतीकडे बघणार, आणि कुणी विचारलं तर का ते सांगणारही.