डोहाला न लागलेला कायदा

माझं काम काय, हे सांगितलं की लोकांना हसू येतं. पंचवटीतल्या एका छोट्या कार्यालयात बसून मी राज्यातल्या पाण्याच्या आणि मासेमारीच्या कायद्यांवर नजर ठेवते. कुठलं विधेयक कुठे अडलंय, कुठलं कलम गुपचूप गळलंय, ते गावोगावी कळवते. माझा भाऊ म्हणतो, "म्हणजे पगार घेऊन वाट बघतेस." मी चिडते, पण तो फारसं चुकीचं बोलत नाही.

एका विधेयकाने तर माझं डोकंच पिकवलं. नदीतले डोह राखीव करायचे, तिथे मोटर लावून उपसा करायचा नाही, जाळं टाकायचं नाही, एवढंच त्यात होतं. उन्हाळ्यात नदी आटली की मासे डोहातच जीव धरून राहतात आणि पावसाळ्यात तिथूनच वर चढून अंडी घालतात. डोह संपला की नदीतली मासळी संपली. पण पाणी एका खात्याकडे आणि मासे दुसऱ्याकडे. एकमेकांकडे बोट दाखवण्यात अधिवेशनांमागून अधिवेशनं गेली. कामकाजाच्या यादीत आमचं विधेयक अगदी तळाशी असायचं, आणि तिथवर पोचायच्या आधीच गोंधळ होऊन सभागृह तहकूब व्हायचं. मी मोबाइलवर रिकामी बाकं बघत शिव्या घालायची.

पेठकडच्या डोंगरातले एक दादा मला दर अधिवेशनात फोन करायचे. त्यांच्या गावाने आपला डोह पिढ्यानपिढ्या राखला होता. मरळ, वाम, खडस हे मासे तिथे निर्धास्त असायचे. घरटी पाळी लावून राखण चालायची, कारण बाहेरची माणसं जीप घेऊन यायची, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची आणि वर आलेली मासळी पोत्यात भरून न्यायची. गावकीचा दंड गावातल्यांना लागू, बाहेरच्यांना त्याचं काय? म्हणून दादांना कायदा हवा होता.

"ताई, लागला का कायदा?"

मी सांगायची, समितीकडे गेलंय. मग, सुधारणा सुचवल्यात. मग, पुढच्या अधिवेशनात घेणार म्हणतात. दादा "बरं" म्हणून फोन ठेवायचे. त्या "बरं"ची मला लाज वाटायची.

अखेर एकदाचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मी दादांना कळवलं आणि हेही बजावलं की अजून राजपत्र, नियम, अधिसूचना असं बरंच बाकी आहे, तोवर राखण सोडू नका. दादा हसले.

"ताई, आमच्याकडं गावानं बसून ठरवलं की त्याच सांजेला लागू. सरकारला काय अवघड हाय?"

गावात गूळ वाटला गेला. बरीच घरं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरली होती, मागे राहिलेले पाळ्या करून थकले होते. राखण बंद झाली.

काही आठवड्यांतच दादांचा फोन आला. मी गेले तेव्हा डोहाच्या कडेने मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. बोटभर पिल्लंसुद्धा. बायका पाट्या भरभरून ते पुरायला नेत होत्या. वास सहन होत नव्हता. दादांना घेऊन मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. तिथल्या साहेबांनी माझ्या हातातली विधेयकाची प्रत चाळली आणि विचारलं, "मॅडम, हे लागू कधीपासून?" तारीख होतीच कुठे? ज्याचा पाठपुरावा करण्यात माझी वर्षं गेली, त्याची प्रत मी घडी घालून पिशवीत टाकली. दादा माझ्याकडे बघत होते.

पुढे एकदाचे नियम आले. त्यात होतं, पाहणीच्या वेळी ज्या डोहात अंडी घालण्याजोगी मासळी आढळेल, तोच राखीव धरला जाईल. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. रागाने लांबलचक हरकत लिहून पाठवली. तिची पोच आली, पुढे काही नाही.

मी कळवायच्या आधीच दादांचा फोन आला.

"ताई, नियम आलं म्हणतात. आपला डोह हाय ना त्यात?"

"नाही, दादा."

इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं हे पहिलंच सरळ उत्तर होतं.