भास्करभाऊ, लेझरची व्हॅन आणि आमचं लग्न

भास्करभाऊ काल गेले, आणि आज सकाळपासून आम्ही नवराबायको त्यांच्या आठवणींनी हसतोय.

रडूनही झालं. पण भाऊंचा विषय निघाला की तोंड आपोआप हसरं होतं, त्याला काय करणार?

भास्करभाऊ म्हणजे आमच्या सर्व्हे टीमचे हेड. मूळचे अमळनेरकडचे, नोकरी सगळी सुरतेत.

आमची एक पांढरी व्हॅन होती. मागे लेझर बसवलेला. व्हॅन ट्रॅफिकमधून चालत राहायची, लेझर रस्त्यावर प्रकाशाची बारीक रेघ टाकत जायचा. रस्ता कुठे खचलाय, कुठे तडा गेलाय, कुठे लाटा आल्यात, ते सगळं आत स्क्रीनवर उमटायचं.

स्क्रीनसमोर मी. स्टिअरिंगवर भाऊ. कंपनीने ड्रायव्हर दिला होता, पण भाऊ चावी सोडतील तर ना!

लग्नाआधीची गोष्ट. सुरतेच्या उधना भागातल्या एका रस्त्याचा रिपोर्ट मी पाठवला. त्या रस्त्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअरचा तावातावाने फोन आला. नाव चिराग.

"मॅडम, नवा रोड आहे. लाटा कुठून आल्या? मशीनला चष्मा लावा."

"मशीन बरोबर आहे. तुम्ही येऊन बघा."

मग रोज फोन. रोज भांडण.

शेवटी भाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. "चिरागभाई, उद्या या. दोघं पायी जाऊन बघा. मला कामं आहेत."

गेलो. खांद्यावर लांब ॲल्युमिनियमची पट्टी, डोक्यावर ऊन.

लाटांच्या जागी रस्ता ताटासारखा सपाट!

चिरागचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझाही.

तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "काय शोधता? मागच्या आठवड्यात टेम्पोतून कापडाचा ताका पडला, त्याचं का? पार इथून तिथवर उलगडला होता."

लेझरने कापडाच्या चुण्या इमानेइतबारे मोजल्या होत्या! त्या दिवशी व्हॅनच्या कॅमेऱ्यावर चिखल उडालेला, फोटोत काहीच कळत नव्हतं.

चिराग हसत हसत डिव्हायडरवर बसला. मीही बसले.

पुढे रिपोर्टमधली दुसरी खूण होती, रस्ता खचल्याची. कापड विणणाऱ्या लूमच्या गल्लीच्या तोंडाशी, चाकांच्या वाटेवर. तिथे पट्टी आडवी ठेवली तर खालून चार बोटं आरामात गेली.

चिरागचं हसणं थांबलं. "आ तो साचुं छे." हे मात्र खरं निघालं होतं.

परत येऊन भाऊंना ताक्याचं सांगितलं. ते शांतपणे चहा पीत म्हणाले, "मला माहीत होतं. व्हॅन मीच नेली ना त्याच्यावरून."

"मग सांगितलं का नाही, भाऊ?"

"फोनवर एवढं रंगात येऊन भांडता. म्हटलं, समोरासमोर जमतंय का बघावं."

जमलं 😄

पण बाबांना जमेना. बाबा उधन्यात लूमवर कामाला. "गुजराती जावई नको" म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आई दोघांच्या मध्ये नुसती ताटं वाढायची. मी चिरागला नाही म्हणायच्या बेतात होते.

एका सकाळी भाऊ व्हॅन घेऊन थेट दारात. "दादा, चला. आज लूमवर मी सोडतो."

बाबांना स्क्रीनसमोर माझ्या खुर्चीवर बसवलं. मी मागे उभी. बाबा स्क्रीन बघत होते, मधेच खिडकीबाहेर बघत होते. ज्या रस्त्याने रोज सायकल मारायची, तो असा उलगडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी रेघ एकदम सरळ आली.

"इथे तर पाणी साचायचं. मी पडलोय इथे," बाबा म्हणाले.

"तुमच्या पोरीने मशीनवर शोधलं," भाऊ म्हणाले. "आणि त्या पोराने मागे लागून भरून घेतलं."

मग आम्हा खान्देशींच्या अहिराणीत, हळू आवाजात, "दादा, पोऱ्या चांगला शे. पोरना मनमा शे. आखो काय जोयजे?" आणखी काय पाहिजे, असं.

लूमपाशी उतरताना बाबा, कितीतरी दिवसांनी, माझ्याकडे बघून म्हणाले, "रविवारी त्याला जेवायला बोलव."

लग्नात भाऊ इतके बेसूर गायले की बँडवाले थांबले.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला विमानतळाच्या धावपट्टीचं काम मिळालं. दुपारी, विमानं नसतानाच्या वेळेत. भाऊ रिटायर व्हायला आले होते, पण चावी त्यांच्याकडेच!

"उज्वला, बघ! ना गाय, ना रिक्षा, ना स्पीडब्रेकर! जिंदगीभर असा रस्ता कुठे होता?"

लहान मुलासारखे खूश. धावपट्टी संपली तेव्हा म्हणाले, "अजून एक चक्कर लागेल का गं डेटासाठी?"

लागणार नव्हती. मी "लागेल" म्हटलं.

काल त्यांना नेताना बाबा पुढे झाले. गुडघे दुखतात, म्हणून सगळे नको नको म्हणत होते. ऐकलं नाही.

एका बाजूला बाबांनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूला चिरागने.

भाऊ, या आता. आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार 🙏