मुरूमहून परंड्याला: पाण्याकडची खोली उतरवताना

मामींचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मुरूमच्या बाजारपेठेत आमचं औषधांचं छोटं दुकान आहे आणि पावसाळ्यात खोकल्याची बाटली मागणाऱ्यांची रांग संपत नाही. मामींनी आधी माझ्या मुलीची चौकशी केली, मग शेजारच्या वस्तीवरच्या लग्नाचं सांगितलं. शेवटी, सहज आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "दोन दिस झालं, पुढच्या खोलीत पाण्याचा आवाज येतोय. खिडकीतनं न्हाय. खालनं."

मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीची बाटली दिली.

या ब्लॉगवर एरवी मी किल्ले, बारवा आणि खाण्यापिण्याचं लिहिते. गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात मामांच्या घराच्या खिडकीतून काढलेले पक्ष्यांचे फोटो टाकले होते, त्याखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इथं जायचं कसं, राहता येईल का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. फक्त त्या फोटोंतली खिडकी आता त्या जागी नाही. तेच सांगायचंय.

परंडा तालुक्यात सीना नदीवर धरण झालं तेव्हा माझ्या मामांची बहुतेक शेती पाण्याखाली गेली. उरला तो उंचावरचा एक तुकडा. मामांनी बुडणाऱ्या विहिरीचं बांधकाम उकललं, तिचे घडीव काळे दगड बैलगाडीनं वर आणले आणि त्या तुकड्यावर तीन खोल्यांचं घर बांधलं. सगळ्यात पुढची ती पाण्याकडची खोली, पश्चिमेला मोठ्या खिडकीची. मी तेव्हा दहा वर्षांची होते. समुद्र मी अजून पाहिलेला नव्हता. त्या खिडकीत उभी राहिले आणि मामांना विचारलं की पलीकडचा काठ कुठं आहे. मामा म्हणाले, दिसंल उन्हाळ्यात. पुढं प्रत्येक सुट्टी मी तिथंच काढली. माझं लग्न ठरवायची बोलणीसुद्धा त्याच खोलीत झाली.

पण पाणी भरलं आणि पश्चिमेचं वारं सुटलं की लाटा नेमक्या या काठावर येतात. दरवर्षी थोडी माती जायची. मामा दरवर्षी म्हणायचे, एवढं चालायचंच.

गुंडप्पा मिस्त्री मुरूमचेच. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. शेततळ्यांना आणि बांधांना पिचिंग करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. पिचिंग म्हणजे काठाच्या उतारावर एकात एक घट्ट बसवलेला दगडांचा थर, लाटेनं माती जाऊ नये म्हणून. माझ्या सासऱ्यांच्या शेततळ्याचं काम त्यांनीच केलं होतं. मी त्यांना मामींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, फरशी कुठं बसलीय का, दार अडतंय का. मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, उद्याच निघू. मी घाबरले ती त्या 'उद्याच'नं.

सकाळी साडेपाचला मुरूमहून उमरग्याची गाडी मिळाली. तिथून नळदुर्ग, तुळजापूर करत धाराशिव. परंड्याला थेट गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. धाराशिवहून बार्शी आणि बार्शीहून परंडा असं तुकड्यातुकड्यानं जावं. आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पुण्याकडून येणाऱ्यांनी रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरावं, तिथून परंड्याच्या गाड्या आहेत.

धाराशिवच्या स्टँडसमोर पोहे आणि चहा घेतला. इथले गुलाबजाम खाल्ल्याशिवाय मी कधी पुढं जात नाही, पण त्या दिवशी मी फोनच लावत बसले. मामांचा फोन लागत नव्हता. मामींचाही लागत नव्हता. गुंडप्पांनी मात्र शांतपणे दोन प्लेट पोहे खाल्ले. त्यांच्या पायाशी पोत्यात बांधलेली पहार आणि घण होता, आणि प्रत्येक कंडक्टर त्या पोत्याकडे संशयानं बघत होता.

बार्शीहून निघालेल्या गाडीत पुढच्या सीटवरचे दोघं पावसाचं बोलत होते. एकजण सांगत होता की वर नगरकडं लई झालाय, ते पाणी अजून खाली यायचंय. दुसऱ्यानं विचारलं, कधी येतंय. पहिला म्हणाला, आज न्हाय तर उद्या. मी गुंडप्पांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

परंड्यात रिकामी पोती आणि नायलॉनचा दोर घेतला, रिक्षा केली. डांबरी रस्ता संपतो तिथं रिक्षावाल्यानं हात जोडले. पुढं अर्धा कोस काळी माती, आणि पावसानं तिचा चिखल झालेला. चपला हातात घेऊन चाललो. पावसाळ्यात इथं गाडी घेऊन येण्याचा विचार करत असाल तर करू नका. पाय घोट्याच्या वर रुतत होते आणि मी वळणापलीकडं घराचा पत्रा दिसतोय का ते बघत होते. दिसला. मग जरा श्वास घेतला.

हिवाळ्यात मी त्या खिडकीपासून पाण्यापर्यंत ऐंशी पावलं मोजली होती. आता अकरा भरली. अंगणातलं लिंबाचं झाड नव्हतं. काठावरून खाली पाहिलं तर ते पाण्यात आडवं पडलेलं, मुळ्या वर.

मामा दारात उभे होते. सत्तर पार केलेला उंच माणूस. मला पाहून हसले आणि म्हणाले की मामी उगाच जिवाला घोर लावून घेते, आठ दिवसांत पाणी उतरंल. त्यांनी स्वतःची बाज अजून पुढच्या खोलीतच ठेवली होती. मामींनी मात्र ज्वारीची पोती, कपड्यांची पेटी, देव, सगळं गुपचूप मागच्या खोलीत नेलं होतं. कधी नेलं, मामांना कळलंच नव्हतं. का कळूनही ते बोलले नव्हते, कुणास ठाऊक.

गुंडप्पा आधी काठावर पोटावर झोपले आणि मान खाली घालून बराच वेळ बघत राहिले. मग आत आले. पहारेनं फरशी हळूहळू ठोकत दारापासून खिडकीकडं गेले. अर्ध्या खोलीपर्यंत आवाज भरीव होता. नंतर बदलला. रिकाम्या रांजणावर बोट वाजवावं तसा आला. मी नकळत मागं सरकले. गुंडप्पांनी मामांना हात धरून बाहेर आणलं आणि मगच सांगितलं की खिडकीखालची माती पाण्यानं पोखरून नेलीय. ही खोली वाचत नाही. मधल्या खोलीचं बघू.

मामांनी बाज मागं आणू दिली.

मामींनी ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मरळ माशाचं कालवण केलं होतं. इतकं चांगलं जेवण इतक्या मुकाट्यानं मी कधी जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दगडाचा ट्रॅक्टर बोलावला. पिचिंगला दगड लागणार, आणि भरपूर लागणार. ट्रॅक्टर डांबरी सोडून शंभर हात आला आणि मागची चाकं रुतली. दोन तास खटपट झाली. शेवटी दगड तिथंच ओतून रिकामी ट्रॉली ओढून काढावी लागली. तिथून डोक्यावर वाहून आणायचे म्हटलं तर पंधरा दिवस. दुपारी वारं वाढलं. आमच्या डोळ्यांदेखत खोलीच्या उजवीकडचा बैलगाडीएवढा काठ आवाज न करता खाली बसला. पाणी गढूळ झालं, पुन्हा निवळलं.

मग गुंडप्पा माझ्याशी हळू आवाजात बोलले. दगड आहे, घरातच आहे. पुढची खोली तशीही जाणार. ती पडायच्या आत आपण उतरवली तर तिच्या तीन भिंतींचा दगड हाताशी येतो, त्यात मधल्या खोलीपुढचा काठ बांधून होईल. पण मालकांना हे सांगायचं कुणी?

मला जमेना. मी मामांसमोर बसले, चहा घेतला, नुसतं पावसाचं बोलले. मामी चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी माझं आणि गुंडप्पांचं बोलणं ऐकलं होतं.

"विहीर बुडायच्या आधी तुमीच उकलली होती," त्या मामांना म्हणाल्या. "तवा मी रडले, तर तुमी म्हनलाव, पाण्याला फुकट देण्यापरीस आपल्या हातानं काढू. आता बी तसंच करा."

मामा उठले, गुंडप्पांच्या पोत्यातली पहार घेतली आणि आत गेले. आम्ही मागोमाग धावलो, कारण ती फरशी कधी खाली जाईल याचा नेम नव्हता. मामांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधून घेतला, दुसरं टोक गुंडप्पांच्या हातात दिलं, आणि सगळ्यात आधी खिडकी काढली. चौकटीसकट, कुठं एक कपचा न उडू देता. ती त्यांनी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि वरून पोतं टाकलं.

वस्तीवरची चार माणसं आली. पत्रे उतरले, वासे उतरले. दगड मातीत रचलेले होते, फक्त बाहेरच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं, त्यामुळे भिंती वरून एकेक थर सुटत गेल्या. मी आणि मामी पोत्यांत मुरमाड माती भरून तोंडं शिवत होतो. ती पोती आधी पाण्यात तळाशी, त्यावर मोठे दगड, फटींत लहान. मामा छातीइतक्या पाण्यात उभे राहून दगड हातात घेत होते. कुठला दगड कुठल्या बाजूनं बसतो हे त्यांना गुंडप्पांनी सांगावं लागत नव्हतं. दोघं म्हातारे दिवसभर एक शब्द न बोलता काम करत होते, आणि मी सारखी दोराकडं बघत होते.

चौथ्या दिवशी नगरकडचं पाणी आलं. कसलाही लोंढा नाही, नुसतं चढत गेलं. सकाळी दिसणारे दगडांचे दोन थर दुपारी दिसेनात. वारं सुटलं आणि लाटा थेट नव्या कामावर आपटू लागल्या. आता करण्यासारखं काही नव्हतं. मधल्या खोलीच्या दारात आम्ही उभे होतो. प्रत्येक लाटेबरोबर पायाखाली हादरा जाणवायचा, की मला तसं वाटायचं, सांगता येत नाही. डाव्या कोपऱ्यातले तीन दगड निघाले. गुंडप्पा पोतं खांद्यावर घेऊन उतरले, मामा दोर धरून उभे, आणि त्या भोकात पोतं कोंबून गुंडप्पा वर आले तेव्हा थंडीनं त्यांचे दात वाजत होते. मामींनी त्यांना मामांची घोंगडी पांघरली.

दिवस मावळायच्या सुमाराला वारं पडलं. काठ होता. मधली खोली होती.

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. निघताना गुंडप्पांनी मामांना बजावलं की हे तात्पुरतं आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली चर खणून पाया खोल घ्यावा लागेल.

म्हणून शिमगा झाल्यावर पुन्हा गेलो. रस्ता कोरडा, रिक्षा थेट अंगणात. पावसात रुतून पडलेले ते दगड अखेर ट्रॉलीनं घरापर्यंत आले. आठ दिवसांत नवा पाया झाला, आणि मामींच्या हट्टानं मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत जुनी खिडकी बसली. खोली लहान आहे, खिडकी तिच्या मानानं फार मोठी दिसते. मामांनी पहिल्या दिवशी तिच्याकडं पाठ करून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी बाज तिच्याखाली ओढली.

राहायला या. हिवाळ्यात या, तेव्हा पाणी शांत असतं आणि पक्षी भरपूर. दोनच खोल्या आहेत, त्यामुळे आधी कळवा आणि अंथरूण घेऊन या. जेवण मामींच्या हातचं. पुढची खोली कशी होती हे मामांना विचारू नका, ते आपणहून सांगतात.

परतताना बार्शी सोडल्यावर मी गुंडप्पांना विचारलं की हे काम किती वर्षं टिकेल. मला आकडा हवा होता. वीस, पंचवीस, काहीतरी.

"मामाला बी म्या हेच विचारलं, अक्का. किती वर्सांचं करू म्हनून," ते म्हणाले. "तर म्हनले, आमा दोघांपुरतं कर. पुढचं काय ते पाणीच बघून घेईल."

मी घर वाचवायला गेले होते ते माझ्या सुट्ट्यांसाठी, माझ्या मुलीसाठी, नेहमीसाठी. त्या दोघांना त्यातली थोडीच वर्षं हवी होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी पुढची खोली आपल्या हातानं उतरवली होती.

घरी येऊन आता दोन महिने झाले. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलते, औषधं देते. दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं आणि समोरच्या दुकानाचा पत्रा वाजायला लागला की हातातलं काम थांबतं. मुलगी विचारते, काय झालं. मी काही नाही म्हणते आणि परंड्याला फोन लावते. मामा उचलतात, हवामान सांगतात, आणि न चुकता विचारतात, गुंडप्पाची तब्येत बरी हाय ना.