अण्णांची दोन विमानं

लग्न होऊन पुण्याहून बंगळूरच्या मल्लेश्वरमला आले, तेव्हा सासरे विमानतळावरच्या कंट्रोलरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणू लागले. जन्मभर विमानांना ‘उंची सोडू नका, आता वळा’ असं बजावणारा हा माणूस घरात मात्र कुणाला साधं पाणी आण म्हणत नसे. स्वतःच उठे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एका संशोधन संस्थेत होते. आखलेले हवाई मार्ग सोडून विमानांनी आपापली सोयीची वाट धरली तर इंधन वाचेल; पण मग टक्कर टाळायची कशी, हे आम्ही संगणकावर तपासत होतो. पडद्यावर लक्ष ठेवायला अनुभवी कंट्रोलर हवे होते. मी अण्णांना विचारलं. "स्वल्प विचार करतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

ठरलेल्या मार्गांची फेरी त्यांनी गुणगुणत पार पाडली. दुसऱ्या फेरीत विमानं मोकळी सोडली होती. एकमेकांना चुकवायचं काम वैमानिकांचं. अण्णांनी नुसतं बघायचं, काही बिनसलं तरच बोलायचं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग कोपऱ्यातले दोन ठिपके जवळ सरकू लागले. मला दिसत होतं, पण मला बोलायची मनाई होती. अण्णा "वळ!" म्हणाले तोवर दोन्ही ठिपके लाल होऊन एकमेकांत मिसळले होते.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"गेली?"

"अण्णा, खोटी विमानं आहेत ती."

"ठाऊक आहे गं. पण गेली ना."

आमचे साहेब चांगुलपणाने म्हणाले, "ही फेरी सरावाची समजू, धरायला नको."

"धरा," अण्णा म्हणाले. "मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे असून चुकलं. हेच तर तुम्हाला शोधायचंय ना?"

परतताना ऑटोत ते म्हणाले, "पूर्वी मार्ग कुठे एकमेकांना छेदतात ते ठाऊक असायचं, नजर आपसूक तिथे जायची. आज सगळीकडे बघायचं होतं. आणि हाताला काम नसलं की मन भटकतं बघ." मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय केलंत दिवसभर?"

"दोन विमानं आपटवली."

"सरी, बरं. हातपाय धुऊन जेवायला बसा."

तेव्हा कुठे ते हसले.

पुढे आम्ही टक्करीचा इशारा देणारी घंटी बसवली. ती इतकी ऊठसूट वाजे की अण्णा तिच्याकडे दुर्लक्ष करू लागले, आणि तेही त्यांनी आपणहून साहेबांना सांगितलं. नोकरीतले कंट्रोलर येऊन बसले. त्यांचीही तीच गत झाली. माणसाला नुसतं राखणीला बसवून आकाश मोकळं सोडू नये, असं शेवटी आम्ही अहवालात लिहिलं.

ते काम चालू असतानाच मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. अण्णांचं संस्थेत जाणं मात्र थांबलं नाही. डबा घेऊन निघताना दारातून विचारत, "तुझ्या साहेबांना काही निरोप?"